होडी फिरवली आणि हिचवरचा वाक उतरला

होडी ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची, लांबी 3.66 मीटर म्हणजे बारा फूट, इंजिनाशिवाय वजन 62 किलो. गाडी डबल कॅब पिकअप, हौद्याची आतली लांबी दीड मीटर. म्हणजे होडी हौद्यात सरळ ठेवली तरी 2.16 मीटर बाहेर राहणार. मागचा फाळका उघडून आडवा टाकला की अर्धा मीटर आणखी आधार मिळतो, पण उरलेलं 1.66 मीटर हवेतच. ट्रेलर घेतला असता तर प्रश्नच नव्हता. पण ट्रेलर म्हणजे आणखी दोन चाकं, आणखी एक नोंदणी आणि ठेवायला जागा. म्हणून हिचच्या (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या जोडणीच्या) रिसीव्हरमध्ये, म्हणजे तिच्या चौकोनी पोकळ तोंडात, बसणारा टी-बार घेतला. एक आडवी नळी मागे जाते, तिच्या टोकाला उभा खांब असतो आणि खांबावर आडवा दांडा. होडीचं बाहेर आलेलं अंग या दांड्यावर टेकतं.

दिसायला हे इतकं सोपं आहे की लोक नळी खुपसतात, ती निसटू नये म्हणून आडवी पिन घालतात, वरून पट्टा मारतात आणि निघतात. आम्ही आधी वजनकाटा काढला, आणि बरं झालं.

हिचच्या पाटीवर दोन आकडे असतात. एक ओढायच्या वजनाचा. तो इथे पूर्ण निरुपयोगी, कारण आपण काही ओढत नाही. दुसरा, ट्रेलर अडकवतात त्या गोळ्यावर उभा दाब किती चालेल त्याचा. युरोपीय पाट्यांवर तो 'एस' या अक्षरापुढे असतो, बहुधा 50 ते 100 किलोंच्या दरम्यान. अमेरिकी पद्धतीच्या दोन इंची चौकोनी रिसीव्हरवर 225 किलो, म्हणजे 500 पौंड, हा नेहमी दिसणारा आकडा. सव्वा इंची रिसीव्हरवर तो बराच कमी असतो, 90 किलोंच्या आसपास. आमचा दोन इंची, 225 वाला. तेव्हा 62 किलोंची होडी म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटणं साहजिक आहे. पण हे 225 किलो पिनेपासून 25-30 सेंटीमीटरवर असलेल्या गोळ्यासाठी आहेत. टी-बारचा दांडा पिनेपासून 1.2 मीटरवर आहे. विहिरीचा रहाट किंवा पहार वापरलेल्या कुणालाही सांगायला नको की हात लांब झाला की तेवढ्याच वजनाचा जोर किती वाढतो. त्यामुळे किलो मोजून भागत नाही, किलो गुणिले अंतर मोजावं लागतं. या गुणाकाराला पुढे 'वाक' म्हणतो, कारण नळी वाकवण्याचं काम तोच करतो.

रिसीव्हरचा वाक असा काढला: 225 किलो गुणिले 0.25 मीटर म्हणजे 56, आणि अंतर 0.30 धरलं तर 67.5. आमची मर्यादा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि शहाण्याने खालचा आकडा धरावा. तुलनेसाठी, 75 किलोंच्या युरोपीय हिचचा वाक याच हिशोबाने 19 ते 22 भरतो. तिथे ही मांडणी बसतच नाही, मग टी-बार कितीही दणकट असो. टी-बारवर छापलेला आकडा टी-बारचा असतो, हिचचा नव्हे. दोन आकड्यांतला लहान तो खरा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत हिच फक्त ट्रेलरसाठी आहे, कसलाही कॅरियर बसवू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. पुस्तिका गप्प असेल तरच पुढचा हिशोब करायचा, आणि तो उत्पादकाच्या परवानगीच्या जागी नाही, तिच्या खालोखाल आहे.

होडीचा गुरुत्वमध्य काढायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, 20 सेंटीमीटरवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली काटा ठेवला. दुसरीकडे ट्रान्समजवळ, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या सपाट फळीजवळ, नाळेपासून 3.6 मीटरवर तेवढ्याच उंचीचा ठोकळा. नाळेकडे 26 किलो भरले. मग काटा आणि ठोकळा यांची अदलाबदल केली, ट्रान्समकडे 36. बेरीज 62 आली म्हणजे मोजणी बरोबर. बेरीज जुळली नाही तर होडी तिरकी टेकली आहे, पुन्हा मोजा. दोन टेकूंमध्ये 3.4 मीटर, त्याचे 36 भागिले 62 म्हणजे 1.97, अधिक सुरुवातीचे 0.2. गुरुत्वमध्य नाळेपासून 2.17 मीटरवर. होडीच्या मध्यापेक्षा 34 सेंटीमीटर मागे, कारण ट्रान्समची फळी जाड असते आणि मागचं बाकही तिकडेच.

आता सगळेजण होडी जशी चालते तशीच गाडीत घालतात: नाळ पुढे, कॅबकडे, ट्रान्सम मागे. तसं केलं तर गुरुत्वमध्य कॅबच्या भिंतीपासून 2.17 मीटरवर येतो. हौदा दीड मीटरला संपला, उघडा फाळका दोन मीटरला. म्हणजे होडीचं वजन गाडीच्या बाहेर आहे. नाळ वर उचललेली असल्याने पुढचा टेकू साधारण अर्ध्या मीटरवर मिळतो. टी-बार भिंतीपासून 2.6 मीटरवर. त्याच्या वाट्याला येतात 62 गुणिले 1.67 भागिले 2.1, म्हणजे 49 किलो. 49 गुणिले 1.2 म्हणजे 59. टी-बारचं स्वतःचं वजन 14 किलो, मध्य पिनेपासून 70 सेंटीमीटरवर, म्हणजे आणखी 10. एकूण वाक 69. रिसीव्हरच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे.

होडी फिरवली. ट्रान्सम कॅबच्या भिंतीला, नाळ मागे. गुरुत्वमध्य आता भिंतीपासून 1.49 मीटरवर, हौद्याच्या कडेच्या जेमतेम एक सेंटीमीटर आत. पुढचा टेकू भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर. टी-बारवर 62 गुणिले 1.39 भागिले 2.5, म्हणजे साडेचौतीस किलो. वाक 41 अधिक 10, एकूण 51. खालच्या मर्यादेच्याही आत. एक नट न बदलता, एक वस्तू विकत न घेता.

हा फरक कागदावरच राहत नाही. होडी बांधण्याआधी एकाने नाळ हातावर तोलून धरली आणि दुसऱ्याने टी-बारचा खांब खाली घेतला. नाळ सावकाश सोडली तेव्हा होडी फाळक्यावर टेकली आणि तशीच राहिली. नाळ पुढे असताना हेच केलं तर होडी फाळक्याच्या कडेवरून मागे कलंडते. पिन तुटली, खांबाचा बोल्ट सुटला, मागून कुणी टी-बारला धडक दिली, तर रस्त्यावर काय होईल याचं उत्तर तिथेच उभ्या उभ्या मिळतं. ज्यांना वरची आकडेमोड नको असेल त्यांनी निदान ही चाचणी तरी करावी. फाळक्याच्या दोऱ्या किंवा पट्ट्या दोन्हीकडे धडधाकट आहेत ना, हे मात्र आधी बघा.

बसवण्याकडे वळू. दोन इंची रिसीव्हरला 5/8 इंची पिन, म्हणजे जवळपास 16 मिलिमीटर. सव्वा इंचीला अर्धा इंची. अर्धा इंची पिन 5/8 च्या भोकातही जाते आणि बसल्यासारखी वाटते. तिथे ती प्रत्येक खड्ड्यात आपटत राहते आणि भोक लांबट करते. पिनेच्या टोकाला वाकडी क्लिप असते ती झुडपात अडकून निघू शकते, म्हणून आम्ही कुलपाची पिन वापरतो.

नळी आणि रिसीव्हर यांच्यात दीड-दोन मिलिमीटर मोकळीक असतेच. आत गेलेली नळी 18 सेंटीमीटर धरली, तर दोन मिलिमीटरची मोकळीक 1.2 मीटरवर 13 मिलिमीटरचा झोल होते. तो झोल हिचला हळूहळू खिळखिळा करतो. रिसीव्हरभोवती आवळायचा यू-बोल्टचा क्लॅम्प मिळतो. तो लावला की नळी हलत नाही. क्लॅम्प बोल्टने घट्ट केल्यावर पंधरा-वीस किलोमीटरनी पुन्हा एकदा पाना लावावा, कारण रंगाचा थर दबला की तो सैल पडतो. नळी लांब-आखूड करायच्या भोकांपैकी सर्वांत लांबचं भोक वापरायचा मोह टाळा. टी-बार जितका मागे, तितका होडीला आधार चांगला असं वाटतं, आणि टी-बारवरचं वजन कमी होतं हेही खरं. पण हात त्याहून जास्त वेगाने लांबतो, शिवाय टी-बारचं स्वतःचं वजनही मागे जातं. आमच्याकडे 1.2 वरून 1.5 मीटरवर नेलं असतं तर टी-बारवरचं वजन 34 वरून 31 वर आलं असतं, पण वाक 51 वरून 58 वर गेला असता.

दांड्याची उंची हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. होडीला दोनच टेकू हवेत: हौद्याच्या तळाशी ट्रान्समकडचं बूड आणि मागे दांडा. फाळका तिसरा टेकू झाला की कुणावर किती वजन आहे हे सांगताच येत नाही, आणि वरचा सगळा हिशोब वाया. म्हणून दांडा रिकामा असताना हौद्याच्या तळापेक्षा सहा सेंटीमीटर वर ठेवला. होडी टेकल्यावर तो चारवर आला. फाळक्याच्या कडेवर त्यामुळे तीन सेंटीमीटर फट राहते. तिथे दोन सेंटीमीटरचा दाट फोम चिकटवला, म्हणजे मोठ्या खड्ड्यात आपटलीच तर फोमवर आपटेल. या चढाचा दुसरा फायदा पावसात कळतो. होडी उताणी, म्हणजे तोंड वर, नेतोय. बूच ट्रान्सममध्ये, तळाशी, आणि उतार आता ट्रान्समकडे. बूच काढून ठेवलं की पाणी तिथून हौद्यात आणि हौद्यातून रस्त्यावर. बूच लावलेलं राहिलं तर? होडीचा सपाट तळ 0.8 मीटर रुंद आणि तीनेक मीटर लांब. त्यात एक सेंटीमीटर पाणी साचलं की 24 किलो. बूच किल्लीच्या जुडग्यात अडकवावं, नाहीतर पाण्यात उतरल्यावर वेगळीच पंचाईत.

होडीत काहीही ठेवायचं नाही. वल्ही, नांगर, जीवरक्षक जॅकेटं, इंधनाची टाकी, बॅटरी, सगळं हौद्यात होडीच्या दोन्ही बाजूंना किंवा कॅबमध्ये, वेगळं बांधून. हलकं जॅकेटसुद्धा वाऱ्याने उडून मागच्या गाडीच्या काचेवर जातं. आउटबोर्ड इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या कुशीवर आडवं ठेवायचं. चुकीच्या कुशीवर ठेवलं की तेल सिलिंडरकडे उतरतं.

बांधण्याचा मूळ नियम एक ठरवला: टी-बार नाहीसा झाला तरी होडी गाडीला बांधलेली राहिली पाहिजे. बहुतेक जण होडी टी-बारला बांधतात आणि तेवढ्यावर थांबतात. मग पिन निसटली की टी-बार होडीला घेऊनच जातो.

पुढे सरकण्याला कॅबची भिंत अडवते. ट्रान्सम आणि भिंत यांच्यामध्ये पूर्ण रुंदीची लाकडी फळी आणि पाच सेंटीमीटर फोम, म्हणजे जोराच्या ब्रेकला भार एका कोपऱ्यावर न येता पसरतो. मागे सरकू नये म्हणून ट्रान्समच्या दोन कड्यांपासून हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या हुकांना दोन आखूड पट्टे. हेच सर्वांत महत्त्वाचे पट्टे, आणि हेच विसरले जातात, कारण ते आत असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. मग हौद्याच्या मागच्या हुकांपासून होडीवरून आडवा एक रॅचेट पट्टा (दातेरी चाकाच्या खटक्याने आवळायचा), साधारण 1.3 मीटरवर. टी-बारच्या दांड्यावर दुसरा आडवा, नाळ डावी-उजवीकडे घसरू नये म्हणून. शेवटी नाळेच्या कडीपासून खाली-पुढे दोन दोर, उलट्या व्ही अक्षरासारखे, रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना सुरक्षासाखळीसाठी असलेल्या कड्यांना. या कड्या रिसीव्हरचा भाग आहेत, टी-बारचा नाहीत. टी-बारलाही एका साखळीने यातल्याच कडीला अडकवलं, म्हणजे पिन गेली तरी तो रस्त्यावर पडणार नाही.

जोर किती लागतो? माल बांधण्याच्या युरोपीय मानकात आणि अमेरिकेच्या व्यापारी वाहनांच्या नियमांत ढोबळ आकडे सारखेच आहेत: पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट, मागे आणि बाजूंना 0.5 पट. 62 किलोंना म्हणजे पुढे 50 आणि बाकी 31 किलो. बाजारातला कुठलाही पट्टा हे सहज पेलतो. तुटतो तो बहुधा हूक, किंवा हौद्याच्या पत्र्यात बसवलेली हलकी कडी. म्हणून पट्ट्यावरचा आकडा वाचून समाधान मानू नका, कडी कशात बसली आहे ते वाकून बघा. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि पहिल्या पावसात सगळी बांधणी सैल पडते. रॅचेटने ॲल्युमिनियमचा काठ सहज चेपतो. काठावर रबरी तुकडा ठेवून पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा होईपर्यंत न आवळता, हाताने होडी हलवल्यावर गाडीच हलेल इतपत आवळा. प्लास्टिकच्या कयाकला तर रॅचेट नकोच, हाताने ओढायचा कॅम बकलचा पट्टा पुरे. उन्हात तापलेलं पॉलिइथिलीन आवळलेल्या पट्ट्याखाली दबतं आणि खळगा राहतो. लांब पट्ट्याला अर्धा पीळ द्या, नाहीतर वेग घेतल्यावर तो असा घोंघावतो की इंजिनात बिघाड झाला असं वाटावं. सुटी टोकं गुंडाळून बांधा. एक टोक सायलेन्सरच्या तोंडाशी लोंबत असेल तर पोहोचेपर्यंत ते वितळलेलं असेल.

कायद्याकडे वळताना आधी एक पायाभूत गोष्ट. 1968 च्या रस्ते वाहतुकीच्या व्हिएन्ना करारात मालाविषयी जे लिहिलं आहे, त्याचाच गाभा अनेक देशांच्या नियमांत दिसतो: मालाने दिवे, ब्रेकचे दिवे, दिशादर्शक, परावर्तक आणि क्रमांकाची पाटी झाकू नये, आणि मागे किंवा पुढे एक मीटरहून जास्त बाहेर आलेला माल खुणेने दाखवावा, रात्री मागच्या टोकाला लाल दिवा आणि लाल परावर्तक लावून. तपशील मात्र देशागणिक बदलतो. जर्मनीत माल मागे दीड मीटरपर्यंतच चालतो, फक्त 100 किलोमीटरपर्यंतच्या फेरीत तीन मीटर; परावर्तकांच्या मागे एक मीटर ओलांडला की किमान 30 गुणिले 30 सेंटीमीटरचं लाल निशाण आडव्या काठीने ताणलेलं हवं, रस्त्यापासून दीड मीटरहून उंच नको. ब्रिटनमध्ये एक मीटरनंतर टोक स्पष्ट दिसेल असं करावं लागतं, आणि दोन मीटरनंतर ठरावीक पट्ट्यांचे फलक. अमेरिकेत अनेक राज्यांत मर्यादा चार फुटांची, म्हणजे 1.2 मीटर, पुढे दिवसा लाल निशाण, रात्री लाल दिवा.

आमची होडी हौद्याच्या कडेपासून 2.16 मीटर बाहेर. बंपर कडेच्या दहाएक सेंटीमीटर मागे येत असेल तर त्याच्यापासून दोन मीटर सहा सेंटीमीटर. म्हणजे वरच्या प्रत्येक नियमात ती सापडते, आणि दोन मीटरच्या रेषेवर तर सहा सेंटीमीटरने. इथेच मोजायचं कुठून हा प्रश्न येतो. बंपरपासून, दिव्यांपासून की बॉडीच्या टोकापासून? उघडा फाळका गाडीची लांबी धरायचा की नाही? नियमाचं वाक्य शब्दशः वाचा. उघडा फाळका मोजून अर्धा मीटर 'वाचवला' असं स्वतःला समजावू नका.

काय झाकलं जातं ते गाडीत बसून कळत नाही. गाडीच्या दहा मीटर मागे जा, मधोमध उभे राहा, मग दोन्हीकडे 45 अंशांपर्यंत सरका, आणि दुसऱ्याला ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स असं एकेक लावायला सांगा. मधोमध उभं राहिलं तर आमचे सगळे दिवे दिसत होते. डावीकडे सरकल्यावर होडीच्या अंगाआड उजवा दिशादर्शक गायब. आणि टी-बारचा उभा खांब क्रमांकाच्या पाटीच्या बरोबर मधोमध, दोन आकडे खाऊन. होडी नसताना नुसता टी-बार लावून फिरलं तरी तो हे आकडे खातोच.

उपाय म्हणजे ट्रेलरच्या मागे लावतात तशी दिव्यांची पट्टी: दोन्हीकडे दिवे, मध्ये क्रमांकाच्या पाटीची जागा. ती नाळेला आडवी बांधली, पाच मीटर केबल होडीच्या काठाने पट्ट्यांखालून आणून हिचच्या सॉकेटमध्ये घातली. दुसरी पाटी कशी असावी, मूळ पाटीसारखीच हवी का, हे प्रत्येक देशात ठरलेलं असतं. कागदावर छापून चिकटवलेली चालेल असं गृहीत धरू नका. चुंबकी दिवे आणले असतील तर ते परत करा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, आणि हे बहुधा अंधार पडल्यावर लक्षात येतं. पट्टीवर एलईडी असतील आणि गाडीचा दिशादर्शक दुप्पट वेगाने उघडझाप करू लागला, तर बिघाड नाही. एलईडी इतका कमी प्रवाह घेतात की गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडी ओळखणारं वायरिंग मॉड्यूल किंवा योग्य रेझिस्टर लावला की थांबतं. निशाण दिवसा-रात्री दोन्ही लावतो. ते टोकाला ताणून लावायचं. दोरीला लोंबतं ठेवलं की वाऱ्याने गुंडाळी होऊन ते दिसेनासं होतं.

सॉकेट जोडलं की काही गाड्या ट्रेलर लागला असं समजून मागचे सेन्सर स्वतःच बंद करतात. ज्या करत नाहीत त्या रिव्हर्स घेताना होडीलाच अडथळा समजून किंचाळतात, किंवा आपोआप ब्रेक मारतात. ते हाताने बंद करावं लागतं, आणि काम झाल्यावर आठवणीने चालूही.

रस्त्यावर दोन गोष्टी बदलतात. पहिली, शेपटाचा झोका. मागच्या चाकांच्या अक्षापासून होडीचं टोक 3.3 मीटर मागे. गाडी पाच मीटर त्रिज्येने वळली तर होडीचा बाहेरचा कोपरा गाडीच्या बाजूच्या रेषेबाहेर साधारण 40 सेंटीमीटर झाडतो. आरशात तो शेवटपर्यंत दिसत नाही. भिंतीला किंवा शेजारच्या गाडीला लागून उभं असाल तर आधी सरळ पुढे निघा, मग चाक फिरवा. दुसरी, उतार. टी-बारची नळी रस्त्यापासून 45 सेंटीमीटरवर आणि अक्षापासून 2.2 मीटर मागे, म्हणजे मागचा निर्गमन कोन, शेपूट न टेकता जितका तीव्र उतार पार करता येतो तो कोन, 11-12 अंशांवर आला. फेरीबोटीचा रॅम्प, तळघरातलं पार्किंग, खोल गटाराची फरशी, इथे नळीचं टोक आधी टेकतं, आणि टेकलं की वाक उलट दिशेने लागतो, ज्याचा हिशोब आपण केलेलाच नाही. अशा जागी तिरकं जावं, एका वेळी एकच चाक उतरेल असं.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे हाताने तपासायचे. होडी नव्याने बसते, फोम दबतो, एखादा पट्टा हमखास सैल निघतो. त्यानंतर दर तासाला. वेग आम्ही ताशी 80 किलोमीटरवर ठेवतो. कच्च्या रस्त्यावर वर काढलेली वाकाची मर्यादा निम्मी धरतो. 51 त्यात बसत नाही, म्हणून कच्चा रस्ता लांबचा असेल तर ही मांडणी वापरतच नाही.

ज्यांच्याकडे हौदा नाही, एसयूव्ही आहे, त्यांच्यासाठी तोच टी-बार उंच खांबावर चढवून छताच्या रॅकच्या रेषेत आणता येतो. मग पुढचा टेकू छतावर, मागचा हिचवर. छतावर किती वजन चालतं हा आकडा तिथे वेगळा बघावा लागतो, आणि वारा होडीच्या पोटाखाली शिरत असल्याने नाळेपासून पुढच्या बंपरपर्यंत दोर हवाच. चॅसिसवर कॅब आणि हौदा वेगवेगळे बसवलेल्या पिकअपमध्ये हीच युक्ती जपून करावी: खड्ड्यात कॅब एकीकडे पिळते, हिच दुसरीकडे, आणि कडक आवळलेली होडी मधे पिळून निघते. होडी एसयूव्हीच्या आत घालून मागचं दार उघडं ठेवून जाणं मात्र पूर्ण वर्ज्य. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो, धूर आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हिचवर आडवी होडी हाही प्रकार दिसतो, पण 3.66 मीटरची वस्तू तीन-साडेतीन मीटरच्या लेनमध्ये आडवी बसत नाही, एवढं पुरे.

उतरवण्याची जागा सपाट हवी. पाण्याकडे उतरणाऱ्या रॅम्पवर गाडी मागे करून पट्टे सोडले, तर आतले ट्रान्समचे दोन पट्टे निघताक्षणी होडी स्वतःहून मागे घसरते, आणि मागे नाळ धरून कुणीतरी उभं असतं. म्हणून वर, सपाटीवरच सोडायचं: आधी दिव्यांची पट्टी आणि केबल, मग आडवे पट्टे, मग नाळेचे दोर. एकाने नाळ उचलून धरली की दुसऱ्याने सगळ्यांत शेवटी आतले दोन पट्टे. बूच लावायचं ते होडी जमिनीवर आल्याबरोबर, पाण्याजवळ गेल्यावर नव्हे. होडी उतरली की टी-बारही तिथेच काढून हौद्यात टाकतो. पार्किंगमध्ये तो नडगीच्या उंचीवर मीटरभर बाहेर असतो, आणि संध्याकाळी कुणालाही दिसत नाही.